पहिलं हरीण, थर्टी-थर्टीची लिव्हर रायफल आणि चौदा महिने

ऑक्टोबर २०२३ मध्ये रात्री साडेनऊच्या सुमाराला रूट ३२२ वर एक हरीण माझ्या गाडीसमोर आलं. ब्रेक मारला पण उपयोग झाला नाही. मला काही लागलं नाही, गाडीचं बंपर आणि एक दिवा गेला, इन्शुरन्सचं डिडक्टिबल ५०० डॉलर भरलं, तो भाग सोडून द्या. ती मादी रस्त्याच्या कडेला पडून पाय झाडत होती, आणि पोलीस येऊन गोळी घालेपर्यंत वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं मी तिच्याजवळ उभा होतो, मला काहीच करता येत नव्हतं. पुढचं सगळं तिथून सुरू झालं म्हणून आधी हे सांगितलं.

मी कोल्हापूरचा, बारा वर्षं झाली पेनसिल्व्हेनियात, आता ग्रीन कार्डवर आहे. आमच्या प्लँटमध्ये एक सत्तरीचे सहकारी आहेत, इथे मी त्यांना काका म्हणतो. त्या रात्री टो ट्रकची वाट बघताना मी त्यांना फोन केला, कारण जवळ राहणारे तेवढेच ओळखीचे. ते आले, माझी चौकशी केली आणि मग म्हणाले की हे मांस वाया घालवायचं नाही. इथे रस्त्यावर मेलेलं हरीण राज्याच्या रहिवाशाला नेता येतं, फक्त २४ तासांच्या आत गेम कमिशनला, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याला, कळवून परमिट नंबर घ्यायचा. काकांनी तसं केलं आणि महिन्याभराने मला त्याच हरणाची बोलोना सॉसेज आणून दिली. मी खाल्ली. आणि त्यांना विचारलं, की तुम्ही मारता तेव्हा किती वेळ लागतो त्याला मरायला? ते म्हणाले, नीट मारलं तर काही सेकंद, आणि नीट मारता येत नसेल तर मारायचं नाही. मला शिकवाल का म्हणून मीच विचारलं.

मराठीत यावर मला कुठे काही सापडलं नाही, म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहितोय.

घरी सांगणं हा पहिला टप्पा होता आणि खरं सांगतो, सगळ्यात अवघड तोच. आई फोनवर म्हणाली, "अरे, हरीण मारलं तर जेलमध्ये टाकतात!" तिचं काही चूक नव्हतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीला बंदी आहे आणि ती हवीच, मी लहानपणी दाजीपूरला गवे बघायला गेलेला मुलगा आहे, मला ते जंगल तसंच राहायला हवंय. पण इथलं चित्र वेगळं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पेनसिल्व्हेनियातून हरणं जवळजवळ संपली होती, १८९५ मध्ये गेम कमिशन स्थापन झालं, बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, नियम लावले, आणि आज ती इतकी झालीत की ओकची रोपटी वर येऊ देत नाहीत. लांडगे आणि प्यूमा इथून कधीच गेले. आता मोठी हरणं कमी करणारे मुख्यतः दोघंच, माणूस आणि गाडी. हे मी आईला दोन-तीन फोनमध्ये मिळून सांगितलं. तिला पटलं असं म्हणणार नाही, पण ती ऐकत होती. बाबा एवढंच म्हणाले की बंदूक हातात घेणार असशील तर आधी नीट शिक, गावाकडे ठासणीच्या बंदुकीने एकाचा अंगठा गेलेला त्यांनी पाहिलाय.

पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावाच लागतो. ऑनलाइन पैसे भरून होतो, पण मी १३ एप्रिल २०२४ च्या शनिवारी प्रत्यक्ष वर्गात गेलो, तो फुकट असतो. फायर हॉलमध्ये, म्हणजे अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, जवळजवळ सहा तास आणि शेवटी परीक्षा. माझ्या एका बाजूला अकरा वर्षांची मुलगी आणि तिचे वडील, दुसऱ्या बाजूला नर्सचं काम करणारी एक बाई. मला वाटलं होतं सगळे माझ्याकडे बघतील, कुणी बघितलं नाही. माझं म्हणणं, नवख्याने वर्गातच जावं, कारण तिथे कुंपण ओलांडताना रायफल आधी रिकामी करून पलीकडे कशी ठेवायची वगैरे प्रत्यक्ष करून दाखवतात आणि शंका विचारता येतात. सर्टिफिकेट जपून ठेवा, लायसन्स काढताना लागतं.

मग रायफल. इथे हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, दर गोळीनंतर हाताने पुढचं काडतूस भरावं लागतं अशीच लागते, म्हणजे बोल्ट, पंप किंवा लिव्हर. काकांकडे पन्नास वर्षांपासून लिव्हर आहे. ट्रिगरच्या खाली जी लोखंडी कडी असते ती खाली ढकलली की जुनं टरफल बाहेर, वर ओढली की नवं काडतूस नळीत. विंचेस्टरचं १८९४ चं मॉडेल सगळ्यांना माहीत असतं, ते जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, आणि थर्टी-थर्टी हे काडतूस १८९५ मध्ये त्याच रायफलसाठी आलं. मी घेतली मार्लिन ३३६, जुनी, काकांनी सांगितल्यामुळे. तिचं टरफल बाजूने उडतं, वरचा भाग बंद असतो, त्यामुळे दुर्बीण बसवायला सोपी. जुन्या विंचेस्टरचं टरफल वरून उडतं, तिथे दुर्बिणीची अडचण होते. जुनी मार्लिन घेताना नळीवर 'जेएम' असा शिक्का बघतात, म्हणजे रेमिंग्टनने कंपनी घेऊन उत्पादन दुसरीकडे हलवायच्या आधीची. आता मार्लिन रुगरकडे आहे, त्यांच्या नव्या रायफलीही चांगल्या म्हणतात पण नवीनची किंमत हजाराच्या वर. मला ६५० ला मिळाली, अधिक ६ टक्के सेल्स टॅक्स.

८ जूनला दुकानात गेलो. फॉर्म ४४७३ भरायचा असतो, त्यात जन्मस्थान, नागरिकत्व, आणि आपण नागरिक नसलो तर एलियन नंबर. ग्रीन कार्ड आणि सध्याचा पत्ता असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स दोन्ही न्या, माझ्या लायसन्सवर जुना पत्ता होता म्हणून एक चक्कर वाया गेली आणि आधी पत्ता बदलून घ्यावा लागला. मग दुकानदार स्टेट पोलिसांच्या सिस्टिममधून तपासणी करतो. माझ्यापुढच्या दोघांचं पाच-दहा मिनिटांत झालं, माझं 'रिसर्च'मध्ये अडकलं. दुकानात सगळ्यांसमोर थांबवलं की पोटात खड्डा पडतोच, आपण काही केलेलं नसतानाही. पाच दिवसांनी, १३ जूनला फोन आला, मंजूर. काही कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एच-१बी वगैरे व्हिसावर असणाऱ्यांनी हे नीट वाचा: नॉनइमिग्रंट व्हिसावर असताना बंदूक जवळ बाळगायला फेडरल कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे, अमेरिकेतलं वैध हंटिंग लायसन्स असणं हा त्यातला एक अपवाद आहे. पण इथे चूक झाली तर थेट इमिग्रेशनवर येते, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय मित्राची रायफलसुद्धा हातात घेऊ नका.

लायसन्स जूनच्या शेवटी विक्रीला येतात, वर्ष १ जुलै ते ३० जून. रहिवाशाचं साधं लायसन्स २०.९७ डॉलर, त्यात एका नराचा टॅग असतो, म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायची चिठ्ठी. मादीसाठी वेगळं अँटलरलेस लायसन्स, ६.९७, ते विभागानुसार मिळतं आणि संख्या ठरलेली असते. विभागाला डब्ल्यूएमयू म्हणतात, आमचा ४डी. मला पहिल्यापासून मादीच हवी होती, एक तर संख्या आटोक्यात ठेवायची तर मादी घ्यावी लागते आणि दुसरं म्हणजे नराच्या एका बाजूच्या शिंगाला किमान तीन टोकं आहेत का हे मोजण्याइतकी माझी नजर अजून तयार नव्हती. उशीर केलात तर काही विभागांची मादीची लायसन्स संपतात, त्यामुळे पहिल्याच दिवसांत घ्या. लायसन्स फोनवर दाखवता येतं, पण टॅग कागदाचा जवळ लागतो.

जुलै ते ऑक्टोबर फक्त सराव केला. गेम कमिशनच्या सार्वजनिक रेंजवर हंटिंग लायसन्स असलं की वेगळे पैसे पडत नाहीत. वीस काडतुसांचं खोकं ३४ डॉलरला, १५० ग्रेन वजनाच्या गोळीची, आणि इथे लिव्हर रायफलचं एक महत्त्वाचं सांगतो. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी बसतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं असतं आणि त्या बुडातच ठिणगी पाडणारी टोपी असते. अणकुचीदार गोळी भरली आणि धक्का बसला तर आतच उडू शकते. म्हणून सपाट टोकाच्याच गोळ्या घ्यायच्या, किंवा २००६ पासून हॉर्नाडीच्या मऊ रबरासारख्या टोकाच्या मिळतात त्या. खोक्यावर लिव्हर रायफलसाठी असं लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारा.

पहिल्या दिवशी २५ यार्डांवरसुद्धा गोळ्या इकडेतिकडे जात होत्या. दोन चुका होत होत्या. एक म्हणजे ट्रिगर दाबताना डोळे मिटत होते, त्यावर काकांनी न सांगता मध्येच डमी काडतूस भरून दिलं, आवाज झाला नाही तरी माझी नळी खाली झुकलेली दोघांनाही दिसली. दुसरी चूक, लिव्हर हळुवार चालवायचो, नवीन माणूस जपूनच चालवतो ना. लिव्हर अर्धवट खाली गेली की काडतूस अडकतं. ती शेवटपर्यंत आणि जोरात ढकलायची, मग तितक्याच जोरात परत. घरी डमी काडतुसांवर रोज वीस वेळा केलं. १०० यार्डांवर जेवणाच्या कागदी प्लेटमध्ये पाचपैकी पाच गोळ्या, बसून, जमिनीवरून, असं जमायला सप्टेंबर संपला. १०० यार्डांवर नेम लावलेला असताना २०० यार्डांवर माझी गोळी वीतभर खाली येते, त्यामुळे मी स्वतःला मर्यादा घातली, १०० यार्डांच्या पलीकडे चाप ओढायचा नाही. बोल्ट रायफलवाले तीनशे यार्डांच्या गोष्टी सांगतात, मला त्या नको होत्या. मला ती वीस मिनिटं परत नको होती.

यापेक्षा जास्त वेळ मी एकाच गोष्टीला दिला, हॅमर खाली घ्यायला. हॅमर म्हणजे घोडा, ट्रिगर दाबला की जो पुढे आपटतो आणि गोळी सुटते. या रायफलींचा हॅमर बाहेर उघडा असतो. मारायच्या आधी अंगठ्याने मागे ओढायचा, पण हरीण निघून गेलं तर ओढलेला हॅमर परत सावकाश खाली आणावा लागतो, तोही ट्रिगर दाबून, भरलेल्या काडतुसावर. थंडीत बोटं बधिर झालेली, हातमोजे घातलेले, अंगठा सटकला तर गोळी सुटते. १९८३ नंतरच्या मार्लिनला आडव्या बटनाची सेफ्टी असते, ती आधी लावायची, नळी सुरक्षित दिशेला, हातमोजा काढायचा, मग अंगठ्यावर भार घेऊन हॅमर आणायचा आणि हाफ-कॉकला, म्हणजे अर्ध्यावरच्या खाचेत, ठेवायचा. दुर्बीण बसवली की अंगठ्याला जागा राहत नाही, त्यासाठी हॅमरला बाजूला जोडायचा छोटा तुकडा मिळतो, वीस डॉलर, तो घ्याच. रायफल रिकामी करतानाही तसंच, बऱ्याच लिव्हर रायफलीत एकेक काडतूस लिव्हरने नळीतून फिरवूनच बाहेर काढावं लागतं. हे सगळं गाडीपासून लांब, घाई न करता. भरलेली रायफल गाडीत ठेवणं किंवा गाडीला टेकवणंसुद्धा इथे गुन्हा आहे.

ऑक्टोबरमध्ये तीन रविवार काकांबरोबर हंटिंग्डन काउंटीतल्या रॉथरॉक स्टेट फॉरेस्टमध्ये नुसता फिरलो. ओकची फळं कुठे पडलीत, पायवाटा कुठे एकत्र येतात, वारा सकाळी कुठून कुठे वाहतो. एका उतारावर जाड ओकचं झाड निवडलं, पाठ पूर्ण झाकेल असं, समोर मोकळी जागा आणि मागे टेकडीची माती, म्हणजे गोळी चुकली तरी मातीत जाईल.

सीझन ३० नोव्हेंबरला उघडला, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. पहाटे चारला उठलो. केशरी टोपी आणि जॅकेट, २५० चौरस इंच डोकं, छाती, पाठ मिळून, चारी बाजूंनी दिसेल असं, हा नियम आहे. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून परवानगी असते. अंधारात बसलो आणि थंडी काय ते तेव्हा कळलं, चालताना घाम आला की बसल्यावर तोच गोठतो, त्यामुळे चालताना जॅकेट पिशवीत ठेवा. दहाच्या सुमाराला एक नर आला, ऐंशी यार्डांवर, शिंगांची टोकं काही मोजता आली नाहीत. गेला. दुपारपर्यंत दुसरं काही नाही. त्या वर्षी रविवारी १ डिसेंबरलाही परवानगी होती, त्या दिवशी एक मादी दिसली पण साधारण १४० यार्डांवर आणि चालती. हॅमर ओढला होता. परत खाली घेतला. हात थरथरत होते, पण तीन महिने केलेलं हातांना आठवलं. काकांना संध्याकाळी सांगितलं तर त्यांनी पाठीवर हात ठेवला, आत्तापर्यंत मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी तीच.

आठवडाभर कामावर गेलो, रात्री झोप धड नाही. ७ डिसेंबर, शनिवार, परत त्याच झाडाला. पावणेनऊला तीन माद्या डावीकडून आल्या, फळं खात, सावकाश. मोठी सगळ्यात पुढे. साठ यार्ड असतील. ती आडवी उभी राहिली, मी हॅमर ओढला, त्या बारीक टक् आवाजाला तिने मान वर केली. नेम पुढच्या पायाच्या जरा मागे, खालून एक तृतीयांश उंचीवर. श्वास सोडला आणि ट्रिगर ओढला. आवाज मला ऐकूच आला नाही. ती उडाली आणि पळाली, मी आपोआप लिव्हर मारली, पण ती झाडांत गेली होती.

सेफ्टी लावून हॅमर खाली घेतला. मग अर्धा तास बसून राहायचं, लगेच मागे गेलो तर जखमी जनावर अजून लांब पळतं. त्या अर्ध्या तासात मला रूट ३२२ शिवाय काही दिसत नव्हतं. नंतर उठलो, पानांवर फेसाळ, फिकट लाल रक्त, म्हणजे फुप्फुस. मी पावलं मोजत गेलो. पंचावन्न पावलांवर ती पडलेली होती, डोळे उघडे. काठीने डोळ्याला स्पर्श करून खात्री केली. रायफल रिकामी केली, झाडाला टेकवली, आणि तिच्याजवळ गुडघ्यावर बसून नमस्कार केला. रडू आलं. आनंद नव्हता, पश्चात्तापही नव्हता, दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं आणि त्याला माझ्याकडे शब्द नाही.

जनावर जागचं हलवायच्या आधी टॅग भरून कानाला बांधायचा. थंडीत बॉलपेन चालत नाही, पेन्सिल ठेवा, आणि सोबत दोरा. काका आले, त्यांनी पोट साफ करताना एकेक टप्पा दाखवला, मला पाऊण तास लागला. रबरी हातमोजे दोन जोड्या घ्या. मग ओढत गाडीपर्यंत दोन तास, चढावर.

हा सगळा भाग डीएमए २ मध्ये येतो, म्हणजे हरणांच्या सीडब्ल्यूडी या मेंदूच्या आजाराचं क्षेत्र. पेनसिल्व्हेनियात तो २०१२ पासून आहे. डोकं आणि मणका त्या क्षेत्राबाहेर न्यायला बंदी आहे, त्यामुळे आम्ही तिथल्याच खाटकाकडे गेलो, १३० डॉलर आणि साधारण सतरा किलो मांस मिळालं. डोकं गेम कमिशनच्या पेटीत टाकलं, टॅगसकट, तपासणी फुकट असते. त्याच रात्री ऑनलाइन रिपोर्ट भरला, मुदत दहा दिवसांची असते. खाटकाला जखमेच्या भोवतीचं मांस भरपूर कापून टाकायला सांगा, शिशाचे बारीक कण लांबपर्यंत जातात, घरात लहान मुलं असतील तर पुढच्या वेळी तांब्याची गोळी घ्या. मीही तेच करणार आहे.

आजाराचा निकाल येईपर्यंत खायचं नाही असं आम्ही ठरवलं, पाकिटांवर तारीख घालून फ्रीजरमध्ये ठेवलं. मधल्या काळात रायफल साफ केली, मार्लिनचा लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट बाहेर येतो आणि नळी मागच्या बाजूने नीट पुसता येते. निकाल ४ जानेवारीला आला, आजार सापडला नाही.

त्या रविवारी रस्सा करायला घेतला आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. या मांसाला चरबी नसते, तेल जरा जास्त लागतं. तिने पातेल्यात बघितलं नाही, माझ्याकडे बघत विचारलं, "त्रास झाला का रे तिला?"

मी सांगितलं, पंचावन्न पावलं गेली.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कांदा अजून भाज. लालसर होऊ दे, वास मोडतो."